ड्रॅगन एज: इन्क्विझिशन – अमुंडला सोबत नेता आलं असतं तर

आधी खरेदीचं सांगतो. बायोवेअर कंपनीचा हा गेम नोव्हेंबर २०१४ मध्ये आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेम ठरला. आता तो सेलमध्ये फार स्वस्तात मिळतो. साधा घेऊ नका, गेम ऑफ द इयर एडिशन घ्या, कारण त्यात जॉज ऑफ हॅकॉन हे डीएलसी, म्हणजे गेमला जोडलेला जादा भाग, येतं आणि पुढे मी अमुंड या डोंगरी टोळीतल्या पात्राबद्दल जे लिहिणार आहे त्यासाठी ते लागतंच. डाउनलोड मोठं आहे. शहाद्यात मी रात्री लावून झोपलो. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, तरी सेटिंग्ज मध्यम ठेवल्यावर गेम व्यवस्थित चालला. हिंटरलँड्स नावाचा सुरुवातीचा भाग अवाढव्य आहे. तिथली सगळी कामं उरकत बसाल तर कंटाळून गेम सोडून द्याल. थोडं फिरा आणि पुढे चला, नंतर परत येता येतं.

गोष्ट अशी: आकाशाला भगदाड पडलंय, त्यातून भुतंखेतं खाली येतायत, आणि तुमच्या डाव्या हातावर अशी एक हिरवी खूण उमटलीय जिच्यामुळे ही भगदाडं बुजवता येतात. लोक तुम्हाला अँड्रास्टे या पवित्र स्त्रीचा दूत मानायला लागतात. सोबतीला नऊ जण मिळतात, तीन योद्धे, तीन चपळ हातांचे, तीन जादूगार, आणि एका वेळी त्यातले तिघे बरोबर नेता येतात. हे नऊ जण म्हणजेच गेमचा जीव. कसांड्रा कडक शिस्तीची, पण लपूनछपून प्रेमकथा वाचते. ब्लॅकवॉल तबेल्यात बसून लाकडाचं खेळणं कोरतो. एका रात्री सगळे पत्ते खेळायला बसतात आणि सेनापती कलन अंगावरचे कपडेसुद्धा हरतो. तुम्ही एखादा निर्णय घेतला की पडद्यावर कोपऱ्यात येतं, अमक्याला पटलं, तमक्याला पटलं नाही. फारच नाही पटलं तर काही जण चक्क सोडून जातात.

आता अमुंड. फॅलो मायर नावाची एक दलदल आहे. तिथे कायम अंधार आणि पाऊस असतो. रोगाने गाव मेलंय आणि पाण्यात पाय पडला की मुडदे उठतात. आपले काही सैनिक तिथे अव्वार लोकांनी पकडून ठेवलेत. अव्वार म्हणजे फ्रॉस्टबॅक डोंगरातल्या टोळ्या. त्यांच्या सरदाराचा मुलगा, हँड ऑफ कॉर्थ, याला त्या दूताशी, म्हणजे आपल्याशी, लढून नाव कमवायचंय. त्याच्या किल्ल्याकडे जाताना वाटेत एका भगदाडाजवळ एक धिप्पाड अव्वार एकटाच दिसतो. तोच अमुंड, अव्वारांचा स्काय वॉचर. हात तलवारीकडे जातो, पण तो लढत नाही. माझ्या माणसांना तू मेलेला हवाय, तो माझा विषय नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. त्याचं काम वेगळं आहे, मरणाऱ्यांचे विधी करायचे आणि जगणाऱ्यांच्या जखमा बघायच्या. अव्वार लोक मेलेल्याला पुरत नाहीत, जाळतही नाहीत. पक्ष्यांच्या स्वाधीन करतात, म्हणजे तो आकाशाच्या देवीकडे जातो. त्यामुळे आकाशाला पडलेलं भोक त्याच्या लेखी शत्रूने उघडलेलं दार नाही. त्याच्या देवीला झालेली जखम आहे ती.

मी हे बघत असताना माझा रूममेट मागे चहा घेऊन उभा होता. तो साक्रीकडचा, घरात अहिराणीच बोलतो. तो म्हणे, ‘‘भाऊ, ह्याले आपलासंगे लेता येत नही का?’’

येत नाही. भगदाड बुजवा, किल्ल्यातलं काम संपवा, पुन्हा त्याच्याशी बोला, की तो यायला तयार होतो. पण येतो तो एजंट म्हणून. एजंट म्हणजे काय, तर नकाशाच्या टेबलावरची कामं थोडी लवकर व्हावीत म्हणून यादीत पडलेलं एक नाव. आपल्या तिघांत तो कधीच चालत नाही.

मला हे का लागलं ते सांगतो. माझं गाव धडगाव तालुक्यात, आम्ही पावरा आदिवासी. आजोबा गावाचे पुजारा होते. इंदलाच्या पूजेच्या रात्री कळंबाच्या फांद्या आणण्यापासून सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. पण हेच आजोबा पत्त्यांत हरले की दोन दिवस तोंड फिरवून बसायचे, कुणाची उधारी विसरायचे नाहीत, आणि कोंबड्याचं तिकीट मागितलं म्हणून एसटीच्या कंडक्टरशी अक्कलकुव्यापर्यंत भांडत गेले होते. बाहेरून आलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. काठी गावच्या राजवाडी होळीला हजारो लोक येतात. कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्या बावांचे फोटो काढतात. फोटो छान असतात. तो बावा कोण, व्रत कशासाठी धरलंय, उद्या तो ऊसतोडीला जाणार का गुजरातेत कामाला, हे कुणी विचारत नाही. गोष्टींतही तेच होतं. डोंगरातला माणूस येतो, वाट दाखवतो, एखादं गूढ वाक्य बोलतो आणि गोष्ट पुढे निघून जाते.

म्हणून अमुंडच्या ज्ञानापेक्षा मला त्याची नाराजी जास्त हवी होती. ‘अमुंडला पटलं नाही’ हे कोपऱ्यात उमटायला हवं होतं. नुसता शहाणा म्हणून उभा केलेला माणूस आपल्यावर कधी रागवत नाही. साथीदार रागवतो, थट्टा करतो, त्याला कुणी आवडतं, कुणी नाही.

आणि मालमसाला सगळा तयार होता. हँड ऑफ कॉर्थला आपण मारतो. त्याच्या लोकांत मेलेल्यांचे विधी करणारा कोण? अमुंड. ज्याचा शेवटचा विधी करायचा त्याला मारणाऱ्याबरोबरच हा चालणार, यावर अख्खा वैयक्तिक क्वेस्ट, म्हणजे त्याची स्वतःची मोहीम, उभा राहिला असता. पुढे त्या मुलाचा बाप मोव्हरान तुमच्या किल्ल्यावर बकरे फेकून मारतो आणि न्यायासाठी पकडून तुमच्या दरबारात आणला जातो. हा प्रसंग गेममधला माझा फार आवडता आहे. मोव्हरान अजिबात रडत नाही. मूर्ख मुलगा स्वतःच्या वागण्याने मेला, पण रीत म्हणून मला हे करावं लागलं, असं तो सरळ सांगतो. त्याला शस्त्रं देऊन टोळीसकट टेव्हिंटर साम्राज्यावर सोडून देता येतं. आता त्याच दरबारात अमुंड बाजूला उभा असता तर? दोन अव्वार माणसं एकमेकांशी काय बोलली असती, हे मला आजही ऐकायचंय.

चालता चालता साथीदारांच्या ज्या गप्पा होतात त्यांतही तीच संधी होती. गेमभर वाद चालतो, अँड्रास्टेला मानायचं की नाही, जादूगारांना कोंडायचं की मोकळं सोडायचं. साथीदारांतली जादूगार व्हिव्हिएन म्हणते जादूगारांना ठेवणारे मठ हवेत, दुसरा जादूगार सोलास म्हणतो नकोत. अव्वारांकडे तिसरीच रीत आहे. त्यांच्या जादूगार पोरांना एक आत्माच शिकवतो, आणि पोर तयार झालं की त्या आत्म्याला निरोप देतात. जॉज ऑफ हॅकॉनमध्ये स्टोन-बेअर होल्ड या त्यांच्या वस्तीत हे नीट कळतं. व्हिव्हिएनसमोर अमुंडने हे सांगितलं असतं तर तिचं उत्तर ऐकण्यासारखं झालं असतं. आणि साथीदारांतला कोल! तो स्वतःच एक आत्मा, सगळे त्याला घाबरतात किंवा टाळतात. अमुंडने त्याला पहिल्या दिवशीच नमस्कार करून जेवलास का विचारलं असतं.

एक गोष्ट तर मला खटकतेच. हेवन या आपल्या पहिल्या तळाचा पाडाव झाल्यावर सगळे बर्फात अडकतात, अँड्रास्टेच्या पंथाचं स्तोत्र गातात, आणि मग लपायला जुना किल्ला कुठे आहे हे सोलास दाखवतो. डोंगर कुणाचे? फ्रॉस्टबॅक, अव्वारांचे. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारं एकही माणूस तेव्हा बरोबर नसतं.

तीन योद्धे आधीच आहेत, चौथा कशाला, असं कुणी म्हणेल. मोठं हत्यार चालवायला आयर्न बुल आहे, हे खरं. मी ब्लॅकवॉलची जागा सहज दिली असती. खेळणं कोरणं मला आवडतं, पण ती एक गोष्ट सोडली तर तो माझ्याबरोबर फारसा फिरला नाही.

आणि हे अशक्य होतं असं मुळीच नाही. याच गेममध्ये प्रत्येक नव्या तळावर माहिती द्यायला येणारी हार्डिंग साधी टेहळणी करणारी आहे. लोकांना ती आवडली आणि २०२४ च्या द व्हेलगार्ड या पुढच्या गेममध्ये ती सात साथीदारांपैकी एक झाली. २००९ पासून या मालिकेत चार मुख्य गेम आले, त्यांतल्या एकातही अव्वार साथीदार नाही. लिहिणाऱ्यांना या लोकांबद्दल काही सुचत नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. अव्वार लग्नात नवरा गातो तोवर नवरी दोराच्या गाठी सोडते, जितक्या सुटतील तितकी वर्षं लग्न टिकायचं. एवढं सुंदर लिहून ठेवलंय, पण ते वाचायच्या पानावर. असा गाठी सोडलेला एखादा माणूस शेकोटीजवळ बसून स्वतःच्या तोंडाने हे सांगत नाही.

तरी गेम घ्याच. मी पुन्हा सुरू केलाय. फॅलो मायरला कच्च्या लेव्हलवर जाऊ नका, आणि चालताना पाणी टाळून लाकडी फळ्यांवरून जा. किल्ल्यात घुसण्याआधी अमुंडजवळचं भगदाड नक्की बुजवा आणि त्याचे सगळे प्रश्नोत्तरांचे पर्याय संपेपर्यंत त्याच्याशी बोला. जॉज ऑफ हॅकॉन मात्र लेव्हल बरीच वाढल्यावर करा. तिथे सरदारीण स्वाराह सन-हेअर भेटते, वस्तीची अस्वलीण स्टोरव्हाकर भेटते, आणि शेवटी ते लोक तुम्हाला त्यांच्या पद्धतीचं नाव देतात. तिथे अव्वार आपापसात भांडतात, पैजा लावतात, पाहुण्याला तोंडावर सुनावतात. पाच तारे देतो, त्यातला एक या वस्तीसाठी.