गावात टाउनशिप येतेय: जमीन विकायची, विकसनाला द्यायची, की गावानेच कंपनी काढायची?

मुळशी, हवेली, मावळ, खेड अशा पुण्याभोवतीच्या तालुक्यांत मोठ्या गृहप्रकल्पाची बोलणी सुरू झाली की पारावर पहिला प्रश्न निघतो तो एकरी भावाचा. भाव महत्त्वाचा आहेच. पण त्याआधी विचारायला हवं ते हे: प्रकल्प अर्ध्यावर थांबला, तर जमीन कोणाच्या हातात असेल? मुळशीतल्या लवासा या टाउनशिपची कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, त्यामुळे ही नुसती शंका नाही. गावासमोर चार मार्ग असतात आणि प्रत्येकात या प्रश्नाचं उत्तर वेगळं मिळतं.

आधी गावाचं बळ मोजा

एकात्मिक नगर वसाहतीला (टाउनशिपचं सरकारी नाव) किमान 40 हेक्टर, म्हणजे साधारण 100 एकर सलग जमीन लागते आणि तिथवर किमान 18 मीटर रुंदीचा रस्ता पोहोचावा लागतो. प्रकल्प खासगी असेल तर कोणाचीही जमीन सक्तीने घेतली जात नाही. त्यामुळे ज्याचा गट रस्त्यालगत किंवा मधोमध आहे, त्याच्या शब्दाला वजन असतं. असे दोन-तीन गट गुपचूप विकले गेले की मागच्यांचा भाव पडतो आणि त्यांच्या वहिवाटीचा वादही उभा राहतो.

म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशा आणा. त्यावर पाणंद, ओढे, गायरान, सामाईक विहिरी आणि भोगवटादार वर्ग-2 च्या (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेल्या) जमिनी रंगवा. वर्ग-2 ची जमीन परवानगीशिवाय विकली तर व्यवहारच धोक्यात येतो. बहिणींच्या हिश्शाचंही आधीच मिटवा. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे. वकिलाने पेपरात जाहीर नोटीस दिल्यावर हरकत आली की भाऊकीतला वाद आणि रखडलेला व्यवहार, दोन्ही एकदमच पदरात पडतात.

सरळ विक्री

ज्याला शेती सोडायची आहे, घरात पुढे करणारं कोणी नाही किंवा कर्ज फेडायचं आहे, त्याला हा मार्ग बरा. प्रकल्प पुढे बुडाला तरी पैसा हातात असतो. अट एकच: खरेदीखत नोंदवताना पूर्ण रक्कम खात्यात जमा झालेली हवी. पुढच्या तारखांचे चेक घेऊन खरेदीखत करून देऊ नका. उरलेली रक्कम मिळाली नाही एवढ्या कारणावरून नोंदवलेलं खरेदीखत रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. मग जमीन गेलेली असते आणि वसुलीचा दावा तेवढा उरतो. विसार घेऊन तीन-तीन वर्षं अडकवून ठेवणारं साठेखतही (पुढे विकण्याचा करार) टाळा. मुदत लिहा आणि मुदत संपल्यावर काय होईल तेही लिहा.

कराचं गणित बरेच जण उशिरा करतात. महापालिकेच्या हद्दीपासून हवाई अंतराने 8 किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. हद्द सरकली की 8 किलोमीटरची रेघही पुढे सरकते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही हद्दींपासून अंतर मोजून घ्या. नगरपरिषद जवळ असेल तर तिचं अंतर वेगळं धरतात. विक्रीआधी दोन वर्षं जमीन कसत असाल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर करात सूट मिळू शकते.

विकसन करार

यात जमीन तुम्ही देता, बांधतो बिल्डर आणि बदल्यात बांधकामात किंवा विक्रीच्या रकमेत हिस्सा मिळतो. बिल्डर सर्वात जास्त आग्रह याचाच धरतो, कारण त्याला जमिनीचे पैसे आधी मोजावे लागत नाहीत. आकडे गोड दिसतात: “40 टक्के बांधकाम तुमचं.” कशाचे 40 टक्के, हे तिथल्या तिथे विचारा. समजा दोन एकर, म्हणजे 87,120 चौरस फूट जमीन आहे. मूळ एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) 1 धरला तर 40 टक्के म्हणजे 34,848 चौरस फूट. पुढे प्रीमियम भरून आणि इतर मार्गांनी एकूण एफएसआय 1.7 झाला, तर त्याचे 40 टक्के 59,242 चौरस फूट होतात. करारात “मूळ एफएसआय” एवढेच शब्द असतील तर मधले 24 हजारांहून जास्त चौरस फूट बिल्डरचे. “वेळोवेळी मंजूर होणाऱ्या एकूण एफएसआयवर” असं लिहून घ्या. आपले फ्लॅट कोणत्या टप्प्यात, कोणत्या इमारतीत, तेही लिहा. नाहीतर ते शेवटच्या टप्प्यात जातात आणि तो टप्पा कधी सुरूच होत नाही.

करारासोबत येतं रद्द न करता येणारं कुलमुखत्यारपत्र. खरा धोका तिथे आहे. त्यातल्या अधिकारांत “जमीन तारण ठेवणे” असेल, तर तुमच्या जमिनीवर त्याचं कर्ज चढू शकतं. तारण ठेवायचंच असेल तर फक्त त्याच्या हिश्शाच्या बांधकामापुरतं, तुमच्या लेखी संमतीने आणि त्याच प्रकल्पासाठी. बिल्डर दिवाळखोरी प्रक्रियेत गेला की स्थगिती लागते आणि त्या काळात त्याच्या ताब्यातली जमीन परत घेता येत नाही. म्हणून पूर्ण जमिनीचा ताबा एकदम देऊ नका, टप्प्याटप्प्याने द्या. परवानग्या ठरल्या मुदतीत आल्या नाहीत तर करार आपोआप संपेल असं कलम घाला आणि बँक गॅरंटी घ्या.

आणखी दोन गोष्टी. बांधकामात किंवा विक्रीच्या रकमेत हिस्सा घेणारा जमीनमालक महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नजरेत सह-प्रवर्तक असतो, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांची तक्रार त्याच्यापर्यंतही येऊ शकते. दुसरं, नोंदणीकृत करारात जमीनमालकाचा कर साधारणपणे पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या वर्षी लागतो आणि तोही त्या वर्षीच्या शासकीय मूल्यावर. हातात फ्लॅट असतात, रोख नसते. कर भरण्यापुरती रोख करारातच मागून घ्या.

गावाची स्वतःची कंपनी

मगरपट्ट्याचं उदाहरण सगळे देतात आणि ते योग्यच आहे. हडपसरच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात भागीदारी घेतली आणि शहर स्वतः बांधलं. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड सिटीही याच विचारातून उभी राहिली. जमीन, नफा आणि कामांचे ठेके, तिन्ही गावकऱ्यांकडे राहिले.

पण त्यामागची परिस्थितीही पाहा. जमीन सलग होती, शहराला लागून होती, बरीच कुटुंबं एका आडनावाची होती आणि 1993 च्या आसपास विचार पक्का झाल्यावर बांधकामाला कित्येक वर्षं लागली. तेवढी वर्षं उत्पन्नाशिवाय थांबण्याची तयारी गावात आहे का? संचालक मंडळात लहान खातेदारांचा प्रतिनिधी, दरवर्षी लेखापरीक्षण आणि शेअर आधी गावातच विकण्याचं बंधन, हे तीन नियम कंपनीच्या नियमावलीत नसतील तर काही वर्षांत कंपनी चार घरांची होते.

नगररचना योजना

ही पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिका राबवते. म्हाळुंगे-माण हे जवळचं उदाहरण. सगळे गट एकत्र करून रस्ते, बागा, सुविधांसाठी जागा काढतात आणि साधारण अर्धी जमीन रस्त्याला लागलेल्या आखीव भूखंडाच्या रूपात परत देतात. यात प्रत्येकाची संमती लागत नाही, त्यामुळे मसुद्यावर 30 दिवसांत लेखी हरकत नोंदवणं फार महत्त्वाचं. वाढलेल्या मूल्याच्या निम्म्यापर्यंत अंशदानही (योजनेच्या खर्चातला तुमचा वाटा) मागितलं जाऊ शकतं. वेळ लागतो. पाच-दहा गुंठेवाल्याला स्वतंत्र भूखंड मिळणं अवघड जातं. तरीही भूखंड तुमच्या नावावर राहतो आणि गरजेप्रमाणे थोडा थोडा विकता येतो.

आमचं मत स्पष्ट आहे. शहराच्या कडेला, तुकड्या-तुकड्यांची जमीन असेल तर नगररचना योजना. सलग 100 एकर आणि एकी असेल तर कंपनी. पैशाची खरी गरज असेल तर जमिनीचा काही भाग रोखीने विका. विकसन करार एकट्याने करूच नका. दहा-वीस खातेदारांनी एक वकील लावून, एकच मसुदा धरून बोलणी करा.

जमीन कोणीही देवो, गावाने काय मागावं

5,000 फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर: रोज 27 लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे 270 टँकर. हे पाणी कुठून येणार याचं लेखी उत्तर हवं, नाहीतर आधी गावच्या विहिरी आणि बोअर आटतात. यातलं 80 टक्के सांडपाणी होतं, त्याचं केंद्र ओढ्याच्या वरच्या अंगाला नको. ओढा वळवला किंवा पाइपात घातला तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी गावठाणात शिरतं. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे अनुक्रमे 25 आणि 100 वर्षांतल्या पुराची रेषा, प्रकल्पाच्या नकाशावर दाखवायला लावा.

जनसुनावणीची वाट पाहत बसू नका. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत गृहप्रकल्प आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून वगळलं आहे. हरकत राज्य पर्यावरण प्राधिकरणाकडे लेखी द्या. मंजुरी मिळाल्यावर हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत 30 दिवसांची असते, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. ग्रामसभेच्या ठरावाला गणपूर्ती हवी: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी. ठरावाने परवानगी थांबत नाही, पण गट क्रमांक, ओढ्याचं नाव आणि पाण्याचा आकडा असलेला ठराव प्राधिकरणापुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

बिल्डरने कबूल केलेला रस्ता, शाळेची जागा, पाइपलाइन यांसाठी ग्रामपंचायतीला दिलेलं पत्र पुरेसं नाही. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायतच उरत नाही. ही आश्वासनं प्रकल्पाच्या मंजूर नकाशात आणि परवानगीच्या अटींत घालून घ्या, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरण्याच्या परवानगीच्या) वेळी अडवून त्यांचा जाब विचारता येईल.