चारही लिंक समांतर दिसत होत्या, तरी मी पैसे पाठवले

नाशिकमध्ये कुणी पिकअपला एअर बॅगा (पाट्यांच्या जागी गाडी तोलणारे हवेचे फुगे) बसवायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. माझे 65,900 रुपये बुडाले. डिझाइनचे 12,500, किटचा ॲडव्हान्स 38,000, 'जीएसटी आणि ट्रान्सपोर्ट'च्या नावाखाली 9,400, वेल्डिंगचे 6,000. वेल्डरला मी दोष देत नाही, त्याने ड्रॉइंगप्रमाणेच काम केलं.

डिझाइन करणारा माणूस मावसभावाच्या ओळखीतला. जमिनीला टेकलेल्या गाड्यांचे फोटो त्याने ढिगाने दाखवले. ते दुसऱ्यांचे होते हे नंतर कळलं. तुम्ही फोटो बघू नका, त्याने बनवलेल्या गाडीखाली स्वतः शिरून बघा.

माझी जुनी टाटा 207. मागचे पाटे काढले की हाउसिंगला, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या खोळीला, जागेवर धरायचं काम चार लिंकांवर, म्हणजे तिला चेसिसशी जोडणाऱ्या पाइपच्या दांड्यांवर येतं. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा मी जेवत होतो. ताट सरकवून मोठं करून पाहिलं. खालच्या दोन लिंक सरळ, वरच्या दोनही सरळ, हाउसिंगला आडवं सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड कुठेच नाही. विचारलं, "हाउसिंग आडवं सरकणार नाही का?" उत्तर आलं, "दादा, बॅगा धरतात ना. बिनधास्त राहा."

बॅग वजन उचलते, आडवा झोक धरत नाही! वरच्या लिंक तिरप्या तरी हव्यात, नाहीतर पॅनहार्ड रॉड तरी. ही शंका माझ्या डोक्यात आली होती, तोंडातूनही निघाली होती, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी 38,000 पाठवले. अजून झोप लागत नाही ती याच गोष्टीने. त्याने मागच्या ॲक्सलवरचं वजन विचारलं नव्हतं, राइड हाइट (गाडी जमिनीपासून किती वर) नाही, प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्या पिनियनचा अँगलही नाही. मग डिझाइन कशाचं केलं? मी अंबडला सीएनसी चालवतो. मशिनिंग मला कळतं, सस्पेन्शनची भूमिती नाही, म्हणूनच पैसे मोजून माणूस शोधला होता ना!

पाथर्डी फाट्याच्या वळणावर हाउसिंग सरकलं आणि टायर चेसिसला घासला. वेग कमी होता म्हणून वाचलो. लिंक कापून आत बोट घातलं, तर लांबच लांब शिवण हाताला लागली. सीमलेसचे, म्हणजे बिनशिवणीच्या पाइपचे पैसे घेऊन साधा ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला पाइप दिला होता. पाइप घेताना टोकातून आत बोट फिरवा.

पोलीस ठाण्यात पहिले साहेब म्हणाले, दिवाणी मामला आहे. दुसऱ्यांनी सायबरला जायला सांगितलं. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करायला मला 19 दिवस उशीर झाला होता, तुम्ही त्याच दिवशी करा. तिसऱ्यांनी मलाच धरलं: मोटार वाहन कायद्याचं कलम 52, परवानगीशिवाय गाडी बदललीच कशी? परवानगी घेतली नाही ही माझी चूक, मान्य. पण म्हणून त्याने माझे पैसे लुबाडावेत? चार खेपा, चार हाफ डे, आणि अर्जाची साधी पोचसुद्धा नाही!

ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. बिल घेतलं नव्हतं, चॅट आणि यूपीआयच्या नोंदी आहेत. त्या पुसू नका. काल पोलिसांतल्या वरिष्ठांना स्पीड पोस्टाने अर्ज धाडला. पाइपचा तुकडा मागितला तरी देणार नाही, फोटो जोडलाय.