पावसाळ्यात स्पोर्ट्स कारला समर टायर की टूरिंग? बेळगाव-चोर्ला वाटेवरचा हिशेब

मृगाच्या आधी आठ दिवस बेळगावात टायरच्या दुकानात गेलं की एकच सल्ला मिळतो: ‘हे उन्हाळ्याचं टायर हाय हो, पावसात चालायचं न्हाई.’ दोन सीटची, रिअर व्हील ड्राइव्ह म्हणजे मागच्या चाकांवर ओढणारी गाडी मी सात पावसाळे या भागात चालवली आहे. आधी समर परफॉर्मन्स टायरवर, मग तीन वर्षं टूरिंगवर, आता पुन्हा समरवर. दुकानातला तो सल्ला अर्धा चूक आहे. जो अर्धा बरोबर आहे, तो कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी चूक भाग. ‘समर’ हे नाव थंड देशांतून आलं. तिथं पारा ७ अंशांच्या खाली उतरला की या टायरचं रबर कडक होतं, म्हणून हिवाळ्याला वेगळे टायर घालतात. आपल्याकडे जुलैत चोर्ला घाटाजवळच्या कणकुंबीला अंगात स्वेटर चढला तरी पारा ७ च्या जवळपाससुद्धा येत नाही. रबर मऊच राहतं. खरं तर आपल्या देशात विकले जाणारे बहुतेक कार टायर, अगदी घरच्या हॅचबॅकचेसुद्धा, त्या अर्थानं समरच आहेत. त्यामुळं तुमच्यापुढचा खरा प्रश्न ऋतूचा नाही. मिशेलिनचीच उदाहरणं घ्यायची तर एका बाजूला पायलट स्पोर्टसारखा पकडीसाठी बनवलेला परफॉर्मन्स टायर आणि दुसऱ्या बाजूला प्रायमसीसारखा आरामासाठी, टिकाऊपणासाठी बनवलेला टूरिंग टायर, यातलं काय घ्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

नवे असताना ओल्या रस्त्यावर परफॉर्मन्स टायर सरस ठरतो, यात मला शंका नाही. त्याचं रबर मऊ असतं, त्यात सिलिका असते, आणि ओल्या डांबराला ते चिकटून राहतं. चोर्ला घाट उतरताना धुक्यातून अचानक समोर ट्रक आला आणि ब्रेक दाबला, तेव्हा हा फरक पायाला कळतो. त्याच उतारावर टूरिंगवर मला एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर लवकर जाणवायची. फक्त घरातून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर परफॉर्मन्स टायर गार असतो, पावसात तो तापायलाही वेळ लागतो. तेवढं अंतर सबुरीनं काढायचं.

आता बरोबर भाग. माझा तिसरा पावसाळा, जुलैची सकाळ. पिरनवाडी, किणये मागे टाकून कुसमळीच्या अलीकडे आलो होतो. वेग ८० च्या आतच. अवजड गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत पाणी साचलेलं होतं. त्यात चाकं गेली आणि स्टेअरिंग एकदम हलकं झालं, जणू खाली चाकंच नाहीत. इंजिनचा आवाज चढला, पण गाडी पुढं ओढेना, आणि मागची बाजू डावीकडे सरकली. ब्रेकला हात लावला नाही, म्हणजे पाय. स्टेअरिंग सरळ धरलं, अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडला आणि दोन सेकंदांत टायरला रस्ता सापडला. जांबोटीत थांबून मागच्या टायरला खाचेची खोली मोजायचा गेज लावला. मधल्या खाचेत अडीच मिलिमीटर. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, म्हणजे कागदावर तो ठीकच होता. नक्षीही दिसायला शाबूत होती. मेमध्ये कोरड्या रस्त्यावर याच टायरनं एकदाही दगा दिला नव्हता.

माझा सगळा हिशेब इथंच फिरतो. रबर ओल्या डांबराला धरतं, पण साचलेलं पाणी बाजूला काढायचं काम खाचांचं. रुंद टायरला जास्त पाणी हटवावं लागतं आणि स्पोर्ट्स कारचे टायर रुंदच असतात. त्यात परफॉर्मन्स टायर लवकर झिजतो. टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा असतो: पायलट स्पोर्ट ४ एसवर ३००, तर ट्रॅकसाठीच्या कप २ वर १८०. एकाच कंपनीच्या टायरमध्ये आकडा जितका लहान, तितकं आयुष्य कमी. कप २ आपल्या पावसाळ्यात घालूच नका, त्यावर चर्चा नको.

पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९६३ मध्ये नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवरून एक ढोबळ सूत्र मांडलं. टायर किती वेगाला पाण्यावर तरंगू लागतो हे त्यात हवेच्या दाबावर ठरतं. ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो, २५ पीएसआयला सुमारे ८३. शाबूत नक्षी आणि पाण्याची खोली यानुसार आकडा बदलतो, पण दिशा तीच: हवा कमी केली की टायर लवकर तरंगतो. गाडी गार असताना कंपनीनं सांगितलेली हवा भरा.

मग कुणी काय घ्यावं? अथणी, चिकोडीकडे राहणाऱ्यांनी समर परफॉर्मन्स बिनघोर घ्यावा. तिकडं पाऊस मोजका. एकच जिल्हा, पण खानापूरच्या पश्चिमेला निराळंच जग आहे. जांबोटी, चोर्ला किंवा आंबोली ही तुमची नेहमीची वाट असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: खाच ४ मिलिमीटर उरली की टायर बदलायची तयारी आहे का? असेल तर परफॉर्मन्स घ्या, मी तेच केलंय. टायर खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या शेवटच्या पट्टीपर्यंत घासायची सवय असेल तर टूरिंगच बरा. तो कमी धरतो, पण खाचा जास्त दिवस टिकवतो, आणि गाडीला बसत असेल तर उंच बाजूचा आकार खड्ड्यात आपटल्यावर टायरच्या बाजूला फुगा येण्यापासूनही वाचवतो. रोप लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेल्या चिखलावर मात्र दोन्ही सारखेच घसरतात.

दोनच टायर बदलणार असाल आणि चारही चाकं एकाच मापाची असतील तर नवी जोडी मागं टाकायला सांगा. दुकानात सवयीनं पुढं बसवतात. पण पाण्यात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि सावरता येते, मागची सुटली तर गिरकी घेते. आणि पैसे देण्याआधी टायर कधी बनला हे सांगणारे बाजूवरचे चार अंक वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. स्पोर्ट्स कारची मापं रोज खपत नाहीत, त्यामुळं गोदामात पडून राहिलेला टायर नवा म्हणून पुढं येऊ शकतो.