लापिएर यांची मॉर्गों : हिवाळ्यातली पेटी आणि उन्हाळ्यातली पेटी

फ्रान्सच्या बोजोले भागातील व्हिलिए-मॉर्गों येथील लापिएर घराण्याची मॉर्गों ही लाल वाइन गेल्या हिवाळ्यापासून ल्यों येथील आमच्या घरी नियमित घेतली जाते. आज लिहिण्यास निमित्त झाले ते एका दुकानदाराशी झालेल्या वादाचे. ऐन जुलैत त्याच्याकडून आणलेल्या पेटीतल्या काही बाटल्यांची बुचे वर सरकलेली होती, ग्लासात ओतताच फेस आला आणि घोट गिळल्यावर काही क्षणांनी जिभेच्या मुळाशी खवट शेंगदाण्यासारखी चव उमटून ती बराच वेळ हटली नाही. पैसे परत मागितल्यावर, ‘नैसर्गिक वाइन अशीच असते’, असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही.

मार्सेल लापिएर यांनी १९७३ मध्ये घरची द्राक्षशेती हाती घेतली आणि पुढे वाइनव्यापारी व रसायनतज्ज्ञ ज्यूल शोव्हे यांच्या मार्गदर्शनाने तणनाशके, विकतचे यीस्ट आणि सल्फाइट यांना फाटा दिला. शोव्हे यांची शिकवण ढिलाईची नव्हती. सल्फाइट म्हणजे वाइन टिकावी म्हणून तिच्यात मिसळायचे गंधकाचे संयुग; ते जंतूंना आवरते. ते घालायचे नसेल तर जंतूंना वावच मिळू नये इतके निरोगी द्राक्ष आणि इतकी स्वच्छ टाकी हवी. म्हणून गामे जातीचे घड हातानेच तोडायचे, सडका मणी दिसला की तो काढून टाकायचा, अख्खे घड टाकीत रचायचे आणि कार्बन डायऑक्साइडच्या आवरणाखाली मण्याच्या आतच आंबवण सुरू होऊ द्यायची. मार्सेल २०१० मध्ये वारले. आता त्यांची मुले माथ्यू आणि कामिय हा वारसा चालवतात. (नाशिककडच्या वाचकांसाठी सांगतो : भुरीसाठी वेलीवर मारायची गंधकाची भुकटी सेंद्रिय शेतीतही चालते, येथे प्रश्न वाइनमध्ये मिसळल्या जाणाऱ्या सल्फाइटचा आहे.)

ही वाइन सल्फाइट अजिबात न घातलेली आणि बाटलीत भरताना अगदी थोडे घातलेली, अशा दोन प्रकारांत मिळते. युरोपात साध्या कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि सेंद्रिय वाइनला १०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, तर फ्रान्समधील ‘व्हँ मेतोद नात्यूर’ या नैसर्गिक वाइनच्या चिन्हासाठी ३० ही कमाल मर्यादा आहे. एवढ्याशा फरकासाठी वेगळा प्रकार कशाला, असे मला प्रारंभी वाटत होते. हिवाळ्यात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखल्यावर मत बदलले. बिनसल्फाइटच्या वाइनला चेरीचा ताजा, मोकळा गंध होता आणि दुसऱ्या दिवशीही ती उतरली नव्हती. दुसरी चांगलीच होती, पण काहीशी मिटलेली वाटली.

उन्हाळ्याने ते मतही अर्धे फिरवले. बिनसल्फाइटची वाइन १४ अंशांच्या आत ठेवावी, हा या क्षेत्रातला सर्वमान्य दंडक आहे, कारण बाटलीत उरलेले यीस्ट आणि जीवाणू उष्णतेत पुन्हा कामाला लागतात, वायू साचतो आणि बूच ढकलले जाते. त्या दुकानात पेट्या रस्त्याकडच्या काचेमागे रचलेल्या होत्या, थंड कपाट नव्हते आणि बाहेर पारा पस्तिशीपुढे गेला होता. वेलींची मशागत करण्यापासून मणी निवडण्यापर्यंत ज्यांनी कष्ट उपसले, त्यांचे वर्षभराचे काम अशा दुकानात आठवड्याभरात मातीमोल होते आणि खापर मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दावर फुटते, याची मला मनस्वी चीड आहे. सुपरमार्केटातल्या बोजोलेच्या कितीतरी पट पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला बाटली कोठे आणि किती तापमानात ठेवली होती, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

पैसे अद्याप मिळालेले नाहीत; लेखी तक्रार दिली आहे. वाइनबद्दलचा माझा आदर मात्र तसूभरही कमी झालेला नाही. यापुढे बिनसल्फाइटची पेटी नोव्हेंबर ते मार्च याच काळात आणि तळघर असलेल्या विक्रेत्याकडूनच घेईन. जुलै-ऑगस्टमध्ये थोडे सल्फाइट घातलेली बाटली घ्यावी, ती आदल्या दिवशी शीतकपाटात ठेवावी आणि पिण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढावी.