लिलीपाँड: एका स्टाफवर दोन फ्लूट आणि दोन उलट हेअरपिन

वाद्यवृंदाचे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, टाइपसेट करणं हे माझं काम. सॉफ्टवेअर जोखायला मी एकच बार (तालाचा एक खंड) वापरते. एका स्टाफवर (पाच रेघांच्या पट्टीवर) दोन फ्लूट. पहिली फोर्टेवर (मोठ्या आवाजात) धरलेला होल नोट, म्हणजे चार बीटचा स्वर, विरवत नेते. त्याच वेळी दुसरी एकेका बीटचे चार क्वार्टर नोट हळू आवाजापासून चढवत फोर्टेला पोचते. म्हणजे एक हेअरपिन (आवाजाचा चढ-उतार दाखवणारी निमुळती खूण) मिटणारी, एक उघडणारी. कुठली कोणाची, हे वादकाला क्षणभरही शोधावं लागता कामा नये.

लिलीपाँड 1996 पासून चालू आहे, मोफत आहे आणि मजकूर टाइप केला की स्वरलिपी काढून देतं. हा बार त्यात सुरेख उतरतो, पण त्याचा नियम आधी कळायला हवा: एका व्हॉइसमध्ये (स्टाफवरच्या स्वरांच्या एका स्वतंत्र ओळीत) एका वेळी एकच हेअरपिन. उलटी सुरू केली की पहिली तिथेच संपते. म्हणून दोन व्हॉइस करायचे. तरी खरी मेख पुढेच आहे. वरच्या व्हॉइसच्या दांड्या आणि स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी) आपोआप वर जातात, हेअरपिन मात्र खालीच राहते. मग दोन्ही स्टाफखाली एकीखाली एक लागतात. टक्कर नाही, दिसायला नीटनेटकं, पण अर्थ पार गेला! पहिल्या फ्लूटला 'डायनॅमिकअप' ही आज्ञा द्यायलाच हवी.

दुसरी अडचण लांब स्वराची. तिसऱ्या बीटपर्यंत चढायचं, मग उतरायचं; पण खूण स्वराला चिकटते आणि तिसऱ्या बीटवर स्वरच नाही. लिलीपाँडच्या 2.24 आवृत्तीत यासाठी 'आफ्टर' आज्ञा आहे: किती वेळाने काय सुरू व्हावं ते स्वरापाशीच लिहायचं. मला जुनी रीत जास्त भावते, अदृश्य विरामांची समांतर ओळ लिहून खुणा त्यांनाच चिकटवायची. संगीतकाराने शिखर अर्धा बीट पुढे न्यायला सांगितलं तर तेवढीच ओळ बदलायची, स्वरांना हात लावायचा नाही. पियानोसाठी तर दोन स्टाफच्या मधोमध 'डायनॅमिक्स' नावाची वेगळी ओळच मिळते.

माउसने खुणा ओढून बसवायची सवय असेल तर हे जड जाईल. म्यूझस्कोअर आणि डोरिको या स्वरलिपीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आता खूण एका व्हॉइसपुरती ठेवता येते; छोट्या कामाला ते पुरे. मोठ्या स्कोअरला मी लिलीपाँडच घेते, कारण हेअरपिन स्टाफपासून किती लांब हवी हे फाइलच्या सुरुवातीला एकदा लिहिलं की शेवटच्या पानापर्यंत किमान तेवढं अंतर राहतं.