मायक्रोपेझिडी की नेरिइडी? लांबपायी माश्यांतला फरक

दोन्ही कुळं नेरिऑयडिया या एकाच महाकुळातली. दोन्हींचे पाय काटकुळे, शरीर लांबट, त्यामुळे फोटोवरून नाव देताना गल्लत ठरलेलीच.

आधी पुढचे पाय पाहतात. मायक्रोपेझिडीत ते मधल्या-मागच्या पायांपेक्षा स्पष्टपणे आखूड असतात. टीनियाप्टेरिनी उपकुळातल्या अनेक जाती त्यांची पांढरट टोकं स्पर्शिकांसारखी हलवत मुंगी किंवा गांधीलमाशीची नक्कल करतात. नेरिइडीत पुढचे पायही लांब, आणि मांडीखाली बहुधा काटे. पण वाळलेल्या नमुन्यात पाय सहज गळतात, म्हणून निव्वळ त्यांच्यावर विसंबू नये.

खात्रीची खूण स्पर्शिका. १० पट भिंगातून बाजूने पाहा: मायक्रोपेझिडीत अरिस्टा, म्हणजे स्पर्शिकेवरचा केस, शेवटच्या खंडाच्या पाठीवर बुडाजवळ उगवतो, नेरिइडीत तो टोकाला किंवा टोकाजवळ, आणि स्पर्शिका सरळ पुढे रोखलेली. वरून काढलेल्या फोटोत हे दिसत नाही.

विविधतेत मायक्रोपेझिडी बरंच पुढे: पाचशेहून अधिक जाती, तर नेरिइडीत जेमतेम शंभरावर. याच कुळातली, दक्षिण हिंद महासागरातल्या कर्ग्युलेन बेटावरची कॅलिकोप्टेरिक्स माशी तर उडूच शकत नाही!

अळ्या दोन्हींच्या मुख्यतः कुजक्या वनस्पतींत वाढतात. अपवाद मायक्रोपेझिडीत: मायक्रोपेझाच्या काही अळ्या शेंगवर्गीय झाडांच्या मूळगाठींत सापडतात, आणि आले-हळदीची कंदमाशी, मिमेग्राला, याच कुळातली. नेरिइडीच्या काही अळ्या कोषात जाण्याआधी चक्क उड्या मारतात.