बाळीवेशीतली गिरणी आणि आत्यांचं ज्वारीचं दळण

ज्वारीचं पीठ कुठून आणता, असं आमच्या नव्या अपार्टमेंटमधल्या बायका मला सारख्या विचारतात. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा सविस्तर लिहूनच टाकते.

सोलापुरात बाळीवेशीच्या आत एका बोळात ही जुनी गिरणी आहे. बाहेर पाटी नाही. बोळाच्या तोंडाशी कुणालाही "ज्वारीची गिरणी कुठंय?" विचारा, हात करून दाखवतील. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्यांचं दळण लग्न होऊन आल्यापासून इथंच. मागच्या कार्तिकात आत्या गेल्या. आता दळण घेऊन मी जाते.

या गिरणीत ज्वारीची चक्की वेगळी आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळं त्यातच आलं. बऱ्याच ठिकाणी एकाच चक्कीवर गहू, हरभरा, ज्वारी सगळं दळतात. मग आधीच्या दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ आपल्या डब्यात येणारच. "ज्वारीवर ज्वारीच पडली पाहिजे," हे आत्यांचं ठरलेलं वाक्य. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो. त्यात चक्की भरधाव सोडली आणि पीठ पोळेल इतकं गरम पडलं, की भाकरी थापताना कडा चिरतात, परातीतून उचलताना मोडते. आमच्या नव्या घराजवळच्या एका गिरणीत मी दळून बघितलं. पिठाला करपल्याचा वास, आणि भाकरी तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. इथले गिरणीवाले मामा चक्की दमानं चालवतात, दगडाला वेळच्या वेळी टाकी लावतात, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करतात. टाकी लावलेल्या दिवशी पहिलं दळण ते स्वतःच्या घरचं टाकतात, गिऱ्हाइकाच्या पिठात कचकच नको म्हणून. एवढं कोण करतं आजकाल?

आत्या डबा ठेवून घरी आल्यात असं कधी झालं नाही. पीठ पडायला लागलं की कापडी नळीखाली हात धरायच्या. चिमूटभर पीठ अंगठा आणि पहिल्या बोटात चोळायच्या, मग जिभेवर ठेवायच्या. जरा जाड वाटलं तर नुसतं मामांकडे बघायच्या. ते लगेच चाक फिरवून दगड जवळ घ्यायचे. दोघांत शब्द नाही. मला शेजारी उभं करून माझ्याही बोटांवर पीठ द्यायच्या, "बघ, कळतंय का?" सुरुवातीला काहीच कळायचं नाही. पण त्या कधी रागावल्या नाहीत, पुढच्या दळणाला पुन्हा हात धरायला लावायच्या. माझ्या आईनं मला स्वयंपाक शिकवला. धान्य हातानं ओळखायला आत्यांनी शिकवलं.

ज्वारी त्यांना मालदांडीच लागायची, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली. ही रब्बीची ज्वारी, पावसाळा सरता सरता पेरतात आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही आहे, पण आत्यांना त्याची गरज नव्हती. फाल्गुनात नवा माल आला की पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ओंजळ बाहेर काढायच्या आणि मोत्यासारखा पांढरा, टपोरा दाणा असेल तरच वर्षाची ज्वारी भरायच्या. उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत. त्यांनी भरलेली शेवटची कोठी या फाल्गुनात संपली. नवी ज्वारी मी एकटीनं जाऊन आणली. मामांनी दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, "अक्कांनीच आणल्यासारखी आहे की, वैनी." मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं. मामांनी चक्की सुरू केली आणि मला निवांत रडू दिलं.

कडक भाकरी करणार असाल तर आधी सांगा, पीठ आणखी बारीक काढून देतात. आत्यांची कडक भाकरी पापडासारखी पातळ असायची. तव्यावरून काढली की चुलीच्या कडेला उभी करून वाळवायच्या. आषाढीला पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांसाठी त्यांचा एक डबा ठरलेला, सोबत उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी. यंदाही तो डबा जाणार आहे. जाऊ आणि मी मिळून करतो आहोत, पीठ अर्थात इथलंच.

आता अडचणीही सांगते. गिरणीत बसायला जागा नाही, बोळात चारचाकी शिरत नाही. दर इतरांपेक्षा रुपयाभर जास्त आहे. संक्रांतीच्या आधी, गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा, भोगीच्या भाकरीसाठी बाजरीची इतकी गर्दी असते की तास-तास थांबावं लागतं. दिवाळीत भाजणीचंही तेच. मिरची, हळद ते घेतच नाहीत, कितीही ओळख असू द्या. घरपोच वगैरे काही नाही.

गिरणीवर डबे रांगेत ठेवतात, म्हणून डब्यावर नाव हवं. आमच्या पितळी डब्यावर आत्यांचं नाव कोरलेलं आहे आणि मामांच्या वहीतही दळण अजून त्यांच्याच नावानं लिहिलं जातं. बदलू का म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हटलं.

जायचंच तर सकाळी लवकर जा, दुपारी वीज जाण्याची भीती असते. ज्वारी घरून पाखडून, खडे निवडून न्या. आठवड्याला पुरेल एवढीच दळा. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते, चवही कडवट होते, मग कितीही कढत पाण्यात मळा, भाकरी नीट येत नाही. घरी आल्यावर पीठ परातीत पसरून गार करा आणि मगच डब्याला झाकण लावा.